चावी कमरेलाच राहू द्या

हे पत्र पुण्यातल्या एका जुन्या पेठेतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या. वाड्याच्या रस्त्याकडच्या अंगाला त्यांचा दहा बाय बाराचा गाळा आहे. सासऱ्यांनी तो १९७६ साली शिंपीकामासाठी भाड्याने घेतला. २००९ मध्ये सासरे गेले, पुढे यजमानांनी दुकान चालवलं. ताई लग्न झाल्यापासून तिथेच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. २०२१ मध्ये यजमानही गेले. आता दोन कारागीर बायकांना हाताशी घेऊन त्या एकट्या दुकान सांभाळतात. भाडं महिना ६०० रुपये. लेखी करार कधी झालाच नाही, आणि पावत्या शेवटपर्यंत सासऱ्यांच्याच नावे फाटत राहिल्या.

गेल्या वर्षी वाडा विकला गेला. नवे मालक आठ महिने भाडं घेत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांच्या माणसांनी दुकानाकडे येणारी विजेची वायर काढून टाकली. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी शटरला भलतंच कुलूप दिसलं. शेजारचे दुकानदार आणि गिऱ्हाइकं जमल्यावर ते निघालं, पण "महिनाअखेर शेवटची मुदत" असं बजावून माणूस गेला. पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" एवढंच ऐकायला मिळालं. मालक तीन लाख रुपये देऊ करतात, "नव्या बिल्डिंगमध्ये तुमचं बघू" असं तोंडी म्हणतात, आणि त्याबदल्यात पाचशेच्या स्टँपपेपरवर 'स्वखुशीने ताबा देत आहे' अशी सही मागतात. दिरांचं म्हणणं, पैसे घे आणि मोकळी हो, कोर्टात म्हातारी होशील. पत्राच्या शेवटी ताई विचारतात: "जागा तर त्यांचीच आहे. मी भांडले तर दुसऱ्याची जागा बळकावणारी ठरेन का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. वायर, कुलूप, पोलीस हे सगळं लिहून झाल्यावरही तुमच्या मनात जे उरलं ते हेच आहे. ते मनात असेपर्यंत तुम्ही वकिलाची पायरी चढणार नाही.

जागा त्यांची आहे, हे खरं. पण 'जागा त्यांची' म्हणजे 'ताबा त्यांचा' असं कायदा मानत नाही. तुमच्या सासऱ्यांनी १९७६ साली तो गाळा घेतला तेव्हा मालकाने आपल्या हक्कातला एक भाग, म्हणजे तिथे बसून धंदा करण्याचा हक्क, भाड्याच्या बदल्यात तुमच्या घराला दिला. वाडा विकला म्हणून तो परत गेला नाही. विकणाऱ्याकडे जेवढं होतं तेवढंच घेणाऱ्याला मिळतं. नव्या मालकांनी वाडा घेतला तो भाडेकरूंसह घेतला. रिकामा वाडा आणि भाडेकरू बसलेला वाडा यांच्या भावात किती फरक पडतो हे पेठेतल्या कुठल्याही दलालाला विचारा. तो फरक त्यांनी खरेदीच्या वेळी हिशेबात धरलेला असणार. आता तुम्हाला धमकावून बाहेर काढलं तर तोच फरक त्यांना फुकटात मिळतो.

राहिला ६०० रुपये भाड्याचा प्रश्न. आजच्या बाजारात ते फार कमी आहे आणि त्याची तुम्हाला टोचणी लागते, हे तुमच्या पत्रात दिसतं. ती टोचणी चांगल्या मनाची आहे, पण तिचा उपयोग तुमच्याविरुद्ध होऊ देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे मालकाला दरसाल ४ टक्के भाडेवाढ करता येते. तुमच्या ६०० रुपयांवर ती वर्षाला २४ रुपये येते. ही वाढ जुन्या मालकांनी मागितली नसेल तर तो तुमचा अपराध नव्हे. नव्यांनी मागितली तर द्या. मी तर म्हणते, ती द्यायला तयार आहात हे आपणहून लेखी कळवा. त्याने तुमचं मनही हलकं होईल आणि कोर्टात तुमची बाजूही बळकट होईल, कारण भाडं आणि कायदेशीर वाढ देणाऱ्या आणि द्यायला तयार असलेल्या भाडेकरूकडून मालकाला ताबा घेता येत नाही, असं कलम १५ सांगतं.

मालकांना काहीच मार्ग नाही असं मात्र समजू नका. कलम १६ मध्ये त्यांच्यासाठी कारणांची यादी आहे. जागेची स्वतःला खरीखुरी गरज असणं, भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं, जागा बंद ठेवणं, वाडा पाडून नवी इमारत बांधायची असणं, अशी ती कारणं आहेत. यातलं एखादं त्यांच्याजवळ असेल तर त्यांनी दावा लावावा आणि ते सिद्ध करावं. स्वतःच्या गरजेचं कारण असेल तर न्यायालय दोन्हीकडचा त्रास तोलतं. जागा न मिळाल्याने मालकाची अडचण मोठी, की जागा गेल्याने भाडेकरूची? भाडेकरूची मोठी ठरली तर ताब्याचा हुकूम होत नाही. बरं, स्वतःसाठी म्हणून ताबा घेतला आणि महिन्याभरात वापरात आणला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिला, तर जुन्या भाडेकरूला ती जागा परत मागता येते. कायद्याने इतका बारीक विचार केलेला असताना एका कुलपाने तो सगळा ओलांडायचा, हे कोणत्याही मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्णा राम महाले यांच्या खटल्यात तर याहून पुढची गोष्ट सांगितली. ज्याचा ताबा स्थिरावलेला आहे, त्याला तिथे राहण्याचा हक्क नाही असं क्षणभर धरलं तरीसुद्धा मालकाने त्याला कायद्याच्या मार्गानेच काढलं पाहिजे. तुम्हाला तर हक्कही आहे.

तेव्हा बळकावणारी कोण, या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या. तुम्ही ज्या शटरला कुलूप लावता ते तुमचं आहे. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्याच्या शटरला कुलूप कोणी लावलं होतं?

आता 'पावत्या सासऱ्यांच्या नावे' या भीतीबद्दल. मालक किंवा त्यांची माणसं ही भीती मुद्दाम वाढवतात, कारण घरातल्या बाईला ती पटकन लागते. धंद्याच्या जागेबाबत कायदा असं म्हणतो की भाडेकरू वारल्यावर त्याच्या कुटुंबातली जी व्यक्ती त्या वेळी तिथे धंदा करत असेल ती भाडेकरू होते. तशी कोणी नसेल तरच इतर वारसांचा प्रश्न येतो, आणि त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं. सासरे गेले तेव्हा तुमचे यजमान दुकानात होते. यजमान गेले तेव्हा तुम्ही होतात, आणि तुम्ही त्यांच्या पत्नी आहात. साखळी कुठेही तुटलेली नाही. पावतीवरचं नाव बदललं नाही एवढंच. ते बदलण्यासाठी यजमानांच्या मृत्यूचा दाखला जोडून मालकांना पत्र द्या. ते बदलणार नाहीत, पण तुम्ही मागितलं होतं याची नोंद राहील.

दिरांबद्दल थोडं नाजूक बोलायला हवं. ते नोकरीनिमित्त भोसरीला असतात, दुकानात कधी बसले नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. ते तुमच्या काळजीपोटीच बोलत असतील, मला शंका नाही. पण अशा वेळी मालकाची माणसं हमखास घरातल्या दुसऱ्या वारसाला गाठतात, 'तुम्हीही वारस आहात, तुम्ही सही करा' म्हणतात आणि मग ती सही तुमच्यासमोर नाचवतात. दिरांना एकदा घरी जेवायला बोलवा आणि स्पष्ट सांगा की कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मला विचारा. आणि यजमान दुकान चालवत होते याचे पुरावे शोधून ठेवा. शॉप ॲक्टचं लायसन्स, बँकेचं पासबुक, शिलाईची बिलबुकं, कापडदुकानाची उधारीची वही, मशीनच्या खरेदीची पावती, दुकानाच्या पत्त्यावर आलेली पत्रं, दसऱ्याच्या पूजेचे फोटो. मी वकिली करत असताना एका घड्याळजींचा ताबा आम्ही त्यांच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांच्या बाडावरून दाखवला होता. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव. तुमच्याकडे तशी मापांची वही असेलच. ती जपा.

करार नाही म्हणूनही घाबरू नका. भाड्याचा करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही जबाबदारी आजच्या कायद्याने मालकावर टाकली आहे, आणि तसा कागद नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं असं कलम ५५ आहे. तुमची भाडेदारी तर या कायद्याच्याही आधीची. पेठांमधल्या निम्म्या जुन्या दुकानांचे व्यवहार शब्दावर आणि पावतीवरच झालेले असतात आणि न्यायालयांना ते नवं नाही.

आता कामाचं. सर्वात आधी भाडं, कारण खरा सापळा तिथे आहे. भाडं घ्यायचं नाही, वर्ष उलटू द्यायचं आणि मग 'थकबाकीदार' म्हणून नोटीस पाठवायची, ही फार जुनी चाल आहे. आठ महिने झाले म्हणता, म्हणजे ती सुरू झालेली आहे. नव्या मालकांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: वाडा आपण घेतल्याचं कळलं, खरेदीखताची प्रत दाखवावी, भाडं कोणत्या खात्यात भरायचं ते कळवावं, मागचं सगळं भाडं द्यायला मी तयार आहे. उत्तराची वाट पाहत बसू नका. त्याच आठवड्यात आठ महिन्यांची मनिऑर्डर करा आणि पुढे दर महिन्याला करत राहा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली तर तो कागद सोन्यासारखा जपा. समजा थकबाकीची नोटीस आलीच, तरी नोटिशीनंतर ९० दिवस मालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढे नियमित भरत राहिलं, तर त्या कारणाने घालवता येत नाही. पण तिथपर्यंत जाऊच देऊ नका. भाडं घेतल्यावर पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, न देणं हा दंडाचा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

वीज. भाडेकरूला मिळत असलेलं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यांतलं काहीही सबळ कारणाशिवाय मालकाला तोडता येत नाही. कलम २९ त्यासाठीच आहे. न्यायालयात अर्ज केला तर पुरवठा परत जोडून देण्याचा हुकूम मिळतो, आणि हुकमाची वाट न पाहता अंतरिम दिलासाही मागता येतो. तो अर्ज कराच. पण त्याच्या जोडीला स्वतःच्या नावाचा मीटर मागा. २००३ च्या वीज कायद्यात मालकाला किंवा कब्जेदाराला, कोणालाही वीज मागण्याचा हक्क आहे. मालकाचं ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, अर्जदार जागेत आहे की नाही एवढंच वीज कंपनीने पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. महावितरणच्या खिडकीवर पहिल्यांदा 'एनओसी आणा' म्हणतील. त्या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नका.

तोपर्यंत दुकान अंधारात कसं चालवायचं, हा प्रश्न मला कळतो. इंटरलॉकचं मशीन विजेशिवाय चालत नाही. पण पायाचं मशीन चालतं, काजं-बटणं आणि हातशिलाई दिवसाउजेडी होते. काही झालं तरी शटर रोज उघडा. हे मी आग्रहाने सांगते आहे, कारण सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसणं हे ताबा मागण्याचं एक स्वतंत्र कारण आहे. भीतीने दुकान बंद ठेवणारे भाडेकरू मालकाला हवं ते कारण स्वतःच्या हाताने देतात. तसंच या काळात पोटमाळा काढणं, भिंत पाडणं, भाच्याला दुकानाच्या कोपऱ्यात मोबाईलचं काउंटर लावू देणं, यातलं काहीही करू नका.

पोलीस 'दिवाणी मामला' म्हणतात ते अर्धंच खरं आहे. हक्क कोणाचा हा वाद दिवाणी आहे. पण तुम्हाला तुमच्या दुकानात जाण्यापासून अडवणं, धमकी देणं, वायर तोडून नुकसान करणं हे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हेच आहेत. तोंडी सांगू नका. तारीख, वेळ, कोण आलं, काय बोललं, कोणी पाहिलं, असा अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर शिक्का घ्या. चौकीत घेत नसतील तर पोलीस आयुक्तालयात पोस्टाने पाठवा. गुन्हा दाखल होवो न होवो, पुढच्या वेळी कुलूप लागलं तर त्याआधीची तक्रार कागदावर असणं फार मोलाचं ठरतं. त्या सकाळी जमलेल्यांपैकी दोघा-तिघा दुकानदारांची नावं लिहून ठेवा. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ते दृश्य आलं असेल तर आजच मागून घ्या, कारण ती चित्रं थोड्या दिवसांत पुसली जातात. आणि माणसं पुन्हा आली, एकट्या असाल, तर ११२ फिरवा.

न्यायालयाबद्दल दीर म्हणतात त्यात तथ्य आहे. भाड्याचे दावे लांबतात. पण लांबण्याचा जाच कोणाला होतो, हेही बघा. तुम्हाला हवा आहे तो मनाई हुकूम: कायदेशीर मार्गाशिवाय माझा ताबा काढू नये, त्याला अडथळा करू नये. दावा वर्षानुवर्षं चालला तरी तात्पुरत्या मनाईचा अर्ज सुरुवातीलाच ऐकला जातो, आणि निकडीचं असेल तर अंतरिम हुकूम त्याहूनही आधी मागता येतो. तो मिळाला की पुढची वर्षं तुम्ही दुकानात बसून काढाल. घाई असेल ती त्यांना. पुण्यात मालक-भाडेकरूंचे दावे शिवाजीनगरच्या लघुवाद न्यायालयात चालतात. तुमचा अर्ज नेमका कसा आणि कुठे लावायचा ते वकील ठरवतील. त्यांना कॅव्हेटही दाखल करायला सांगा, म्हणजे मालक आधी न्यायालयात गेले तरी तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी हुकूम होणार नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, मग नवं करावं लागतं.

फीची चिंता तुम्ही पत्रात केलेली नाही, पण ती असणार. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा. अनेक बायका 'आपलं दुकान आहे, आपण गरीब थोड्याच' म्हणून हे विचारतही नाहीत. विचारा.

आणि समजा, देव न करो, एखाद्या सकाळी कुलूप खरंच लागलं आणि निघालं नाही. तर कुलूप तोडू नका, मारामारीत पडू नका. फोटो काढा, तक्रार द्या आणि त्याच दिवशी वकिलांकडे जा. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ६ अशाच माणसासाठी आहे. संमतीशिवाय, कायद्याबाहेर ज्याचा ताबा काढला गेला त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केला तर न्यायालय मालकी कोणाची हे बघतच नाही. आधी ताबा कोणाचा होता आणि तो कसा काढला एवढंच बघतं आणि ताबा परत देतं. त्या निकालावर अपीलही नाही. सहा महिने ही मात्र पक्की मर्यादा आहे. 'बघू, बोलणी चालू आहेत' यात ती निघून गेलेली मी पाहिली आहे.

वाडा जुना आहे, म्हणून आणखी एक शक्यता बोलून ठेवते. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस आली तर ती खरी आहे का, तपासणी कोणी केली, दुरुस्तीने भागेल का, हे स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. वाडा खरोखर पडायला आला असेल तर मात्र हक्काच्या नावाखाली एक दिवसही आत बसू नका. तुमच्याबरोबर त्या दोघी कारागीर बायकाही आत असतात. बाहेर पडताना गाळ्याचं मोजमाप करून घ्या, नकाशा आणि फोटो काढा, आणि भाडेकरू म्हणून माझं नाव व क्षेत्रफळ नोंदवून घ्या असं पत्र महापालिकेला द्या. 'जागा रिकामी करते आहे, भाडेहक्क सोडत नाही' हे वाक्य त्यात हवंच. इमारत पाडली गेली तरी भाडेदारी संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आहे.

इतकं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगते की भांडलंच पाहिजे असं नाही. तडजोड ही पण वाट आहे, आणि तुमचं वय, गुडघे, मुलीचं शिक्षण हे सगळं धरून ती तुम्हाला बरी वाटली तर त्यात हार नाही. भाडेहक्क सोडण्यासाठी मोबदला घेणं कलम ५६ प्रमाणे कायदेशीर आहे. पागडी म्हटलं की लोकांना काहीतरी लपवाछपवी वाटते, पण १९९९ च्या कायद्याने ती उघड केली. फक्त आकडा नीट मांडा. तुम्हीच लिहिलं आहे की तुमच्या गल्लीत तसाच गाळा आज १८,००० रुपये भाड्याने आणि लाखभर डिपॉझिटने मिळतो. तीन लाखांतून डिपॉझिट वजा केलं तर दोन लाख उरतात, म्हणजे अकरा महिन्यांचं भाडं. बाराव्या महिन्यात काय? जवळपास पन्नास वर्षं ज्या उंबऱ्यावर गिऱ्हाईक येत आहे तो उंबरा अकरा महिन्यांच्या भाड्यात सोडायचा का, एवढंच ठरवा.

त्यापेक्षा नव्या इमारतीतला गाळा मागणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण 'बघू' या शब्दावर नव्हे. माझ्या वडिलांचं साताऱ्याला सायकलचं दुकान होतं. मालक जुने, घरोबा मोठा. नवी इमारत झाली की पुढचा गाळा तुमचाच, या बोलीवर वडिलांनी चावी दिली. इमारत झाली तेव्हा पुढच्या गाळ्यात औषधांचं दुकान होतं आणि वडिलांना मागच्या बाजूला, जिन्याखालची जागा दाखवली. कागद काहीच नव्हता. ते त्यानंतर घराच्या पडवीत पंक्चर काढायचे. मालक वाईट होते असं वडील शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. मी म्हणते.

म्हणून गाळा घ्यायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार हवा. त्यात चटईक्षेत्र किती, तळमजलाच, रस्त्याच्याच बाजूला, मालकी हक्काने की भाड्याने, किती महिन्यांत, तोपर्यंतच्या पर्यायी गाळ्याचं भाडं कोण भरणार, उशीर झाला तर काय, हे सगळं आणि मंजूर नकाशावर तुमचा गाळा रंगवून दाखवलेला. बँक गॅरंटी मागा. नाही देणार कदाचित, पण मागितल्याने समोरच्याची नियत कळते. दावा लागलेला असेल तर तडजोड न्यायालयातच दाखल करून तिचा हुकूमनामा करून घ्या. त्याला स्टँपपेपरपेक्षा कितीतरी जास्त वजन असतं. आणि पैसे असोत वा गाळा, करार नोंदला जाईपर्यंत, रक्कम खात्यात दिसेपर्यंत चावी तुमच्या कमरेलाच राहू द्या. 'स्वखुशीने ताबा दिला' या तीन-चार शब्दांवर सही झाली की वर सांगितलेली बहुतेक कलमं तुमच्या कामाची उरत नाहीत.

हे वाचणाऱ्या इतर दुकानदारांना एक सावधगिरी सांगायला हवी, कारण तुमची भाडेदारी आहे तशी सगळ्यांची नसते. आज बहुतेक गाळे 'लिव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर जातात. तिथे करारातली मुदत संपली की भाडेकरूसारखं संरक्षण मिळत नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत होते त्यांना कायद्याने भाडेकरू मानलं, नंतरच्यांना नाही. तरीही मुदत संपली म्हणून मालकाने स्वतःच कुलूप लावायचं, सामान रस्त्यावर काढायचं, हे बेकायदाच. त्यालाही न्यायालयात जावंच लागतं. राहत्या घराच्या परवान्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट जाता येतं, ती सोय दुकानाच्या बाबतीत नाही. पण अशा दुकानदारांनी मुदत संपण्याच्या चार-सहा महिने आधीच नूतनीकरणाचं लेखी बोलून घ्यावं. सजावटीवर, फर्निचरवर मोठा खर्च करण्याआधी करारात मुदत किती, मालकाला मध्येच संपवता येतो का, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे वाचावं. महापालिकेच्या किंवा सरकारी मंडईतल्या गाळ्यांना भाडे नियंत्रण कायदा लागत नाही, तसाच १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांनाही लागत नाही. काही गावं कायद्याच्या अनुसूचीबाहेर आहेत. आपलं दुकान यात कुठे बसतं हे आधी विचारून घ्या, शेजाऱ्याच्या निकालावर विसंबू नका.

ताई, पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की जुन्या पावत्या सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली आहेत. आज संध्याकाळी ती ट्रंक उघडा. १९७६ पासूनच्या जितक्या मिळतील तितक्या पावत्या वर्षवारीने लावा, प्रत्येकीचा फोटो काढून मुलीच्या फोनवर पाठवा, दोन झेरॉक्स काढा. मूळ पावत्या दुकानात ठेवू नका, दिरांकडेही ठेवू नका, बँकेत लॉकर नसेल तर माहेरी ठेवा. उद्या सकाळी पोस्टात मनिऑर्डर, तिथून शिवाजीनगर. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाताना एका कारागीर बाईला दुकानात बसवून जा, शटर उघडं ठेवून.